पेलवेल का

एरवी पिकअपचा आवाज आला की मेंढ्या धावत यायच्या. त्या हिवाळ्यात मात्र चालत यायला लागल्या. काही तर नुसत्या उभ्या राहून बघायच्या आणि बाकीच्यांनी जव संपवत आणला की मग निघायच्या. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी चुकला होता. खारट झुडपांचा पाला मेंढ्यांनी तोंड पोचेल तिथवर ओरबाडला होता. खाली काटक्यांचे सांगाडे उरले होते. उत्तरेचा वारा सुटला की रान उठून घरात यायचं. ताटात, उशीवर, दातांत लाल माती.

त्या दगडी घरात नोस्के भाऊ दोघंच राहत. थोरला आर्नो सत्तरी ओलांडलेला, धाकटा क्लेम सत्तरीला टेकलेला. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. मेंढ्यांचा वाण बापाच्या हातचा. चांगली मेंढी ठेवायची, हलकी काढायची, असं करत त्यानं तो घडवला होता आणि पुढं आर्नोनं तो जपला होता. आर्नो सांगायचा आणि क्लेम करायचा. लहानपणापासून असंच चालत आलेलं. स्वयंपाकघर तेवढं क्लेमचं. रात्री मटणाचे चॉप, उकडलेले बटाटे, पाव, काळा चहा.

आर्नोला वर्षभर जळजळ होत होती. "मेटवुर्स्ट सॉसेज बाधलं," म्हणून तो सोडा प्यायचा. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवी भोकं पाडली, ती क्लेमनं पाहिली होती. पण दुष्काळात सगळंच आटतं, माणूसही आटणारच, असं त्यानं धरलं. मग एकदा पाणवठ्यापाशी आर्नोला ओकारी झाली. ती काळी होती. क्लेमनं त्याला न विचारता गावातल्या डॉक्टरकडं नेलं आणि तिथून अ‍ॅडलेडला. पोटात गाठ निघाली.

सर्जन बाई होत्या, डॉक्टर व्हेलन. उंच, बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, "पोट जवळजवळ सगळं काढावं लागेल. गाठ काढता येण्यासारखी दिसतेय. पण तुम्हाला एवढं मोठं ऑपरेशन पेलेल का, ते आधी बघायला हवं."

"न पेलायला काय झालं?" आर्नो म्हणाला. "काल सकाळपर्यंत पोती उचलत होतो."

"बघू या," बाई म्हणाल्या.

खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत लिएन नावाची मुलगी होती. आईबाप व्हिएतनामहून आलेले, ही अ‍ॅडलेडचीच. पेशंटचं खाणंपिणं आणि ताकद तपासणं हे तिचं काम. तिनं आर्नोला काट्यावर उभं केलं, कपडे आधी कसे बसायचे ते विचारलं, मग म्हणाली, "काल काय काय खाल्लंत?"

उत्तर क्लेमनं दिलं. "सकाळी दलिया. दुपारी पाव आणि थंड मटण. रात्री दोन चॉप, बटाटे. खाण्यात आम्ही कमी करत नाही."

"तुम्ही वाढलंत," लिएन म्हणाली. "त्यांनी खाल्लेलं बघितलंत?"

क्लेमनं भावाकडं पाहिलं. आर्नो भिंतीकडं बघत होता.

"मिस्टर नोस्के?"

"चहा प्यायलो," आर्नो म्हणाला. "पाव बुडवून. थोडा."

"आणि चॉप?"

क्लेमच्या डोळ्यांपुढं टिप आली. त्यांची म्हातारी कुत्री, जेवताना टेबलाखाली पडून असायची. सगळ्या रानात चरबी म्हणून कुणाच्या अंगावर नव्हती आणि टिपची कूस पिंपासारखी झाली होती. बसायला उठायला ती कण्हायची. क्लेमनं तिला हसून "बाईसाहेब" म्हणायला सुरुवात केली होती. वर्षभर तो एकाच टेबलाशी समोरासमोर बसत होता.

"गिळवत नव्हतं तर सांगायचं ना रे," तो म्हणाला.

"सांगून काय, तू मला चमच्यानं भरवणार होतास?"

लिएननं आर्नोचा शर्ट काढायला लावला. क्लेमनं कित्येक वर्षांत भावाला उघडा पाहिला नव्हता. मान आणि पंजे उन्हानं भाजलेले, मधलं सगळं पांढरं आणि पोकळ. गळ्याच्या हाडामागं पाणी साठेल असे खळगे. लिएन अंगठ्यानं दाबत गेली. कानशिलं, खांदे, दंडाची मागची बाजू, अंगठा आणि बोटामधली कातडी. तिथलं मांस गेलेलं होतं. कातडी कागदासारखी वर आली.

"मेंढीचं असंच बघतात," आर्नो म्हणाला. "शेवटच्या बरगडीमागं, कण्यावर अंगठा. कणा टोचला की समजायचं."

"टोचला तर काय करता?"

"ट्रकात चढवत नाही. वाटेत आडवी पडते, बाकीच्या तिला तुडवतात."

लिएननं त्याच्या हातात लोखंडी मुठीचं एक यंत्र दिलं आणि जमेल तितकं आवळायला सांगितलं. या हातानं आर्नोनं जन्मभर मेंढ्या धरल्या होत्या. त्यानं दात खाल्ले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. काटा जरासा हलला. त्यानं यंत्र झटकून पाहिलं.

"बिघडलंय."

लिएननं ते क्लेमच्या हातात दिलं. क्लेमनं आवळलं आणि काटा सरसर वर गेला. त्याला वाटलं, आपण जरा हळू दाबायला हवं होतं.

मग खुर्ची. हात छातीवर घडी घालून पाचदा उठायचं. दोनदा आर्नो उठला. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आला, मांड्या थरथरल्या आणि तो मागं कोसळला. खुर्ची भिंतीवर आपटली. क्लेम धावला.

"हात लावू नको," आर्नो म्हणाला.

संध्याकाळी डॉक्टर व्हेलननी सांगितलं, "आत्ता कापलं तर गाठीनं नाही, ऑपरेशननं मराल. जखम भरायला अंगात काही नाही. आधी औषधं देऊन गाठ आकसवायची पद्धत आहे, ती औषधंही तुम्हाला झेपणार नाहीत. नाकातून नळी घालू, रात्रभर दूध जाईल. काही आठवडे. ताकद आली तर करू."

"नाही आली तर?"

"तर नाही करता येणार."

लिएननं निघताना क्लेमला बाजूला घेतलं. "त्यांना चालू द्या, खुर्चीवरून उठबस करू द्या. पण कष्टाचं काम नको. नाहीतर आपण घालू ते सगळं जळून जाईल."

"सांगतो मी त्याला," क्लेम म्हणाला. आणि आपण आर्नोला आजवर कधी काय सांगितलंय, ते आठवत गाडीशी गेला.

पहाटे आर्नो उठायचा. नळी गालाला चिकटवलेली, टोक कानामागं खोचलेलं. तो टोपी चढवून पिकअपकडं निघायचा.

"अरे, ती पोरगी काय म्हणाली?"

"तिला विचार, तुझ्या कमरेनं किती पोती चढतात ते."

क्लेमची कंबर गेलेलीच होती. पिकअप चालवणं त्याला जमायचं, पण मागं उभं राहून जव ओतत जाणं, पोतं मांडीवर घेऊन फाडणं जमत नव्हतं. गडी ठेवायचे दिवस केव्हाच गेले होते. मेंढ्यांना एडके लागून गेले होते, बऱ्याच गाभण होत्या. "कोकरं जमिनीवर पडेपर्यंत तरी," आर्नो म्हणायचा. धुळीनं चिकटपट्टी सुटायची, तो थुंकी लावून परत दाबायचा. रात्री पंप टिकटिक करत त्याच्यात दूध घालायचा आणि दिवसा ते पोत्यांखाली खर्च व्हायचं. गावातली नर्स वजन बघायला यायची आणि ओठ मुडपून जायची.

लिएनचा फोन आला तेव्हा क्लेम स्वयंपाकघरात एकटा होता.

"वजन उलटं कमी झालंय. ते काम करतात?"

क्लेमनं दाराकडं पाहिलं. "करतो."

"तुम्ही थांबवू शकत नाही?"

"तुम्ही त्याला ओळखत नाही."

"खरंय, तुम्ही ओळखता," ती म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण क्लेमला तो लागला.

त्यानंतर एकदा वाऱ्याच्या दिवशी क्लेम पिकअप हळूहळू चालवत होता आणि मागं आर्नो जव ओतत होता. धूळ इतकी की आरशात काही दिसेना. बऱ्याच वेळानं क्लेमला जाणवलं की मागून आवाज नाही. तो थांबला. मागं कुणी नव्हतं. जवाची ओळही मध्येच तुटली होती.

तो कंबर धरून मागं पळाला. दूरवर मेंढ्यांचा गोळा दिसला, माना खाली घातलेला. त्यानं आरडाओरडा केला, पण त्या हलेनात. लाथा घालून तो आत शिरला. आर्नो उताणा पडला होता. पोतं त्याच्यावरच फाटलं होतं आणि मेंढ्या त्याच्या छातीवरचे, मानेजवळचे दाणे टिपत होत्या. एकीचा खूर त्याच्या तळहातावर होता. नळी निघून मातीत पडली होती. आर्नोचे डोळे उघडे होते.

"उठता येईना," तो म्हणाला. "हाकलतही येईनात."

क्लेमनं त्याला उचललं. उचलताना त्याची कंबर ओरडलीच नाही, इतका आर्नो हलका होता.

गावच्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. बरगडीला चीर गेली होती. नळी परत घातली. क्लेम घरी आला, चुलीशी बसला. मग उठून त्यानं डॅरिलला फोन लावला. डॅरिल जनावरांचा दलाल, दोघा भावांना लहानपणापासून ओळखणारा.

"सगळ्या?" डॅरिल म्हणाला. "आर्नो काय म्हणतो?"

"मी सांगतोय."

"बरं. ट्रक पाठवतो. पण क्लेम, ज्या उभ्या राहत नाहीत त्या मी घेणार नाही. ते तुझं तू बघ."

टिपला आता पळवत नव्हतं, म्हणून क्लेमनं शिट्ट्या मारत पिकअपनंच कळप आणला. मेंढवाड्यात एकेकीच्या पाठीवर अंगठा ठेवून पाहिला. ज्यांचा कणा टोचला त्या डाव्या हाताला काढल्या. डाव्या हाताच्या वाढत गेल्या. ट्रकवर जाणाऱ्या खडखड करत फळीवरून चढल्या. वर पोचल्यावर वळून ओरडायला लागल्या. धूळ उडवत ट्रक गेले, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

मग त्यानं बंदूक आणली. लोकर कातरायच्या शेडमागं तो एकेकीला धरून नेत होता. बापाच्या वाणाची लोकर इतक्या उपासातही आत पांढरीशुभ्र होती. बोटांनी फाकवली की दिसायची. त्यानं ती फाकवून पाहायचं बंद केलं. दुपार कलली तरी काम सरेना. मध्ये एकदा तो मेंढ्यांच्या पाण्याच्या डोणीशी जाऊन तोंड धुऊन आला. परत आला तेव्हा राहिलेल्या तिथंच उभ्या होत्या. एकीनं जव मागायला त्याच्या खिशाला तोंड लावलं.

दवाखान्यात तो अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून गेला.

"मेंढ्या दिल्या," तो उभ्यानंच म्हणाला.

आर्नोनं मान वळवली. "कुठल्या?"

"सगळ्या. डॅरिलला."

"न चढलेल्या?"

"त्या मी मारल्या."

आर्नो त्याच्याकडं बघत राहिला. क्लेमला वाटलं, आता ओरडेल, पाण्याचा पेला फेकेल. आर्नोनं चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं.

घरी आल्यावरही तो बोलला नाही. काही मागायचा नाही, काही नको म्हणायचा नाही. क्लेम समोर ठेवेल ते घ्यायचा. अंड्याचं दूध, मऊ शेवयांचं सूप. घास तोंडात घोळवून घोळवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर गिळायचा. टिप टेबलाखाली आशेनं बसायची, तिला काही मिळेना. सकाळी व्हरांड्यात आर्नो खुर्चीत बसून हात छातीवर घ्यायचा आणि उठायचा, बसायचा, उठायचा. ओठ हलायचे, पण मोजणी ऐकू यायची नाही. समोर मोकळं रान. तो त्या रानाकडं तोंड करून बसायचा नाही. खुर्ची फिरवून घ्यायचा.

क्लेमला करायला काम नव्हतं. तो रिकाम्या डोणी घासायचा.

"मला शिव्या तरी घाल," एकदा तो म्हणाला. आर्नो उठला, बसला, उठला.

हळूहळू गालांचे खड्डे भरले. पट्टा एक भोक मागं सरला. ते भोक बघून क्लेम शेडमागं जाऊन रडला. कशासाठी ते त्याला धड सांगता आलं नसतं.

अ‍ॅडलेडला लिएननं परत सगळं केलं. अंगठ्यानं दाबून पाहिलं, लांब बोळातून चालायला लावलं, खुर्चीवरून पाचदा उठवलं. पाचव्यांदा उठताना आर्नो घामानं भिजला, पण उठला. यंत्र आवळलं तेव्हा काटा बऱ्यापैकी वर गेला.

"खूप कष्ट घेतलेत," लिएन म्हणाली.

"दुसरं काम नव्हतं," आर्नो म्हणाला. इतक्या आठवड्यांनी क्लेमनं त्याचा आवाज ऐकला. आवाज जाड झाला होता.

डॉक्टर व्हेलननी दोघांना समोर बसवलं. "सुधारणा आहे. पुरेशी आहे असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, काठावर आहात. ऑपरेशन केलं तर टेबलावरून उठाल असं वाटतं, पण पुढं अंथरुणाला खिळण्याचीही शक्यता आहे. नाही केलं तर गाठ वाढत जाणार. निर्णय तुमचा."

आर्नोनं अंगठ्यानं क्लेमकडं दाखवलं. "त्याला विचारा. हल्ली तोच ठरवतो."

बाईंनी क्लेमकडं पाहिलं. लिएन दारापाशी उभी होती, तिनं नजर खाली घातली. चुकीचं सांगितलं तरी ते जन्मभर आपल्याच माथी आणि बरोबर सांगितलं तरी. क्लेमला आर्नो आठवला, मातीत उताणा पडलेला. खिशाला लागलेलं ते मऊ तोंड आठवलं.

"करा," तो म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी क्लेम बाहेरच्या बाकावर बसला. लवकर होईल अशी त्याची अपेक्षाच नव्हती. म्हणून डॉक्टर व्हेलन लवकर बाहेर आल्या तेव्हा तो उठलाच नाही. त्या त्याच्या शेजारी बसल्या.

"पोटाच्या अस्तरावर बी पेरल्यासारखं पसरलंय. इतकं बारीक की स्कॅनमध्ये दिसलं नाही. पोट काढून उपयोग नव्हता. अन्न खाली उतरायला एक वाट करून दिली आणि शिवलं."

"म्हणजे काढलं काय?"

"काही नाही."

क्लेमनं टोपी हातात फिरवली. "मग ते सगळं खाणं, उठणं-बसणं…"

"तेच त्यांना या टेबलावरून परत आणतंय," बाई म्हणाल्या. "पुढचे दिवस ते स्वतःच्या पायांवर काढतील. आधीच्या अवस्थेत असते तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असते."

आर्नो शुद्धीवर आला तेव्हा ओठ सुकलेले होते. क्लेमनं ओला कापूस लावला.

"किती काढलं?"

क्लेमला खोटं सुचलं होतं. वाटेत घोकलंही होतं. "काही नाही काढलं, आर्नो. पसरलंय."

आर्नो छताकडं बघत राहिला. छातीतून एक आवाज आला, खोकल्यासारखा. टाक्यांवर हात दाबत तो हसत होता.

"उघडून बघितलं आणि झाकलं."

"हो."

"घरी ने मला."

नेलं. अन्न खाली उतरायला लागलं होतं. थोडं थोडं, दिवसातून कितीतरी वेळा. बटाट्याचा लगदा, दूधपाव. आर्नो स्वतः उठून संडासला जायचा, स्वतः दाढी करायचा. नर्स गोळ्या देऊन जायची. मेंढ्यांचं नाव कुणी काढत नव्हतं.

वसंतात एका सकाळी आर्नोनं बूट चढवले. काठी घेतली आणि घरामागच्या रानाकडं चालायला लागला. क्लेमनं पिकअप काढली आणि मागं मागं, माणसाच्या चालीनं चालवत ठेवली. आर्नोनं एकदाही वळून पाहिलं नाही. पहिल्या कुंपणाशी तो थांबला, फाटकाची साखळी काढली आणि ते सरकवत पुरं उघडलं. पार कुंपणाला टेकेपर्यंत. फाटक उघडं टाकणाऱ्याला त्यानं आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. एका पाहुण्याला तर त्यानं परत घरात घेतलं नव्हतं.

खाली पडलेला तारेचा तुकडा घेऊन तो फाटक खांबाला बांधू लागला. तार फिरेना. बोटं घसरत होती.

क्लेम उतरून जवळ गेला. "असंच ठेवायचं?"

"आत कोण राहिलंय अडवायला?"

वारा नव्हता. दूरच्या टेकाडावर कांगारूंचा एक घोळका कान उभे करून बघत होता. आर्नोनं तारेची दोन टोकं पुढं केली, दमून, जरा रागानंच.

"धर. माझ्यानं पीळ बसत नाही."

क्लेमनं एक टोक धरलं, आर्नोनं दुसरं. डोकी जवळ आली. आर्नोच्या श्वासाला औषधाचा वास होता.

"शेवटची ती तपकिरी कानाची होती?" आर्नो तारेकडं बघत म्हणाला. "आईनं बाटलीवर वाढवली होती तिच्या वंशातली?"

"ती मध्येच गेली. शेवटची वेगळी होती."

"एका गोळीत?"

"हो. सगळ्या एका गोळीत."

आर्नोनं मान हलवली. "अजून एक पीळ दे. वाऱ्यानं आपटत बसेल."

क्लेमनं पीळ दिला. आर्नोनं फाटक हलवून पाहिलं, ते हललं नाही. मग त्यानं काठी उचलली.

"गाडीत बस," क्लेम म्हणाला. "पुढचं लांब आहे."

"तू चालव," आर्नो म्हणाला आणि पुढच्या कुंपणाकडं चालायला लागला.